न दिसणाऱ्या किरणांची भीती: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

आपत्ती आणि मन या विषयावरील गेल्या अंकातील टिपणानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांत पूर आणि भूकंप यांच्यापेक्षा किरणोत्सर्गाविषयीच अधिक विचारणा होती. या दोन्ही जिल्ह्यांत अणुभट्टी नाही. तरीही कर्करोगावरील उपचारांत, कारखान्यांतील वेल्डिंगच्या तपासणीत आणि महामार्गावरून जाणाऱ्या मालात किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतात, आणि ते घातपातासाठी वापरले जाण्याची शक्यता जगभर गांभीर्याने धरली जाते. त्यामुळे ही भीती अनाठायी आहे असे म्हणून पत्रे बाजूला ठेवणे योग्य ठरले नसते. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी सांगलीतील एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. मध्यंतरी मधल्या सुट्टीत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरू लागला: खंबाटकी घाटात किरणोत्सर्गी माल नेणारा ट्रक उलटला आहे, वारा दक्षिणेकडे आहे, मुलांना ताबडतोब घरी आणा. अर्ध्या तासात फाटकाशी दीडशे पालक जमले. मी ध्वनिक्षेपकावरून ‘कोणीही घाबरू नये, सर्व काही ठीक आहे’ असे तीन वेळा सांगितले. त्यानंतर गोंधळ उलट वाढला आणि दोन मुलींना रडता रडता उलट्या झाल्या. संध्याकाळी कळले की घाटात असा अपघात झालाच नव्हता. माझे नेमके काय चुकले?

उत्तर: मुख्याध्यापिका बाई, आपले वाक्य खोटे ठरले नाही, पण ते रिकामे होते. माझे बालपण पाटण तालुक्यात गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या आळीतील माणसे थंडीत अंगणात झोपत होती. गावात येणारा प्रत्येक अधिकारी ‘घाबरू नका’ असे सांगून जाई, आणि त्याची जीप वळणाआड गेली की बायका अंथरुणे पुन्हा अंगणात ओढत. कारण आज रात्री मुलांना घरात निजवावे की बाहेर, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत नसे.

याउलट आपल्याच शहरातील पावसाळा आठवून पाहा. कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत कोणी ‘घाबरायचे का?’ असे विचारत नाही. जो तो ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढले, असे विचारतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला येते हे प्रत्येक घराला अनुभवाने ठाऊक असते. आकडा ऐकला की कोणाला गोठ्यातील जनावरे हलवायची असतात, कोणाला दुकानातील माल वरच्या फळीवर चढवायचा असतो. २०१९ साली पाणी ५७ फुटांपर्यंत गेले तेव्हा हा हिशेब चुकला, ही गोष्ट निराळी. पण भीतीला मोजपट्टी आणि मोजपट्टीला जोडलेले काम असले, की माणूस सैरभैर होत नाही. किरणोत्सर्गाच्या बाबतीत आपल्याजवळ ही मोजपट्टीच नाही. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते आपल्या इच्छेविरुद्ध अंगावर येतात आणि त्यांचा परिणाम मुलाबाळांत वर्षांनंतर दिसेल अशी समजूत असते. ही चारही लक्षणे एकत्र आली की धोका लहान असला तरी धास्ती मोठी होते.

म्हणून मोजपट्टी आधीच, शांत दिवसांत शिकवावी लागते, आणि ती अवघडही नाही. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांमुळे जगातील सर्वसाधारण माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) इतका किरणोत्सर्ग मिळतोच; केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूत राहणाऱ्या काहींना त्याच्या कितीतरी पट मिळतो. छातीच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण ७ मिलिसीव्हर्ट मिळतात. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्या देशातील मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. मळमळ, उलट्या, केस गळणे असा जो तीव्र आजार लोकांच्या मनात असतो, तो साधारणपणे एका वेळी १,००० मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळाल्यावर सुरू होतो. पाचवी-सहावीच्या वर्गात हा तक्ता आयर्विनच्या फुटांशेजारी लावावा, असे मला मनापासून वाटते.

आता त्या दुपारविषयी. मोठ्या तीव्रतेचे स्रोत ज्या पेट्यांतून नेले जातात, त्यांचा नमुना ९ मीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर आपटून आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटे ठेवून तपासलेला असतो. शिवाय अशा बंदिस्त स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, मग घाट शंभराहून अधिक किलोमीटर दूर असताना आपल्या शाळेला भय कसले? पण हे आपल्याला त्या क्षणी ठाऊक असण्याची काहीच गरज नव्हती. आपण एवढे म्हटले असते तरी पुरले असते: ‘असा निरोप आम्हालाही मिळाला आहे. तो खरा आहे की नाही हे मला अजून ठाऊक नाही. मी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारत आहे. मुले वर्गात आहेत, त्यांना खिचडी मिळाली आहे. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा याच ठिकाणी उभी राहून काय कळले ते सांगेन. तोवर इयत्तेनुसार रांगा करा.’ यातील ‘मला अजून ठाऊक नाही’ हे वाक्य उच्चारायला आपल्याकडील अधिकारपदावरील माणसांना फार जड जाते. वास्तविक पुढच्या प्रत्येक वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवावा की नाही, हे त्याच वाक्यावर ठरते.

त्या दोन मुलींना झालेल्या उलट्या खऱ्या होत्या. भीतीने पोट ढवळते, आणि एकीला उलटी होताना पाहून दुसरीला होते. त्याला नाटक म्हणू नये. मुलांना जवळ बसवून, त्यांनी काय ऐकले ते आधी त्यांच्याच तोंडून काढून घ्यावे, कारण मुलांची कल्पना बहुधा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असते. मग दोन-तीन वाक्यांत खरे तेवढे सांगावे आणि त्यांना नेहमीचा तास सुरू करून द्यावा. त्यांच्या डोळ्यांसमोर तीच चित्रफीत दहा वेळा लावणारा वडीलधारा माणूस त्यांचे अधिक नुकसान करतो.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात ग्राम महसूल अधिकारी आहे. आमच्या तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन बैठकीत, बाजारपेठेत स्फोट होऊन त्यात किरणोत्सर्गी पदार्थ असल्याचे आढळले तर लोकांना द्यावयाच्या पहिल्या सूचनेचा मसुदा तयार ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पुराच्या सूचना मी अनेक वर्षे लिहीत आहे, पण या विषयात माझे ज्ञान शून्य आहे. वरिष्ठांचे मत असे की, तज्ज्ञांचे पथक येऊन पूर्ण माहिती मिळेपर्यंत काहीच जाहीर करू नये, अन्यथा घबराट होईल. आपले मत काय?

उत्तर: आपल्या वरिष्ठांचा हेतू चांगला आहे, परंतु त्यांच्या सल्ल्याची किंमत अन्यत्र मोजून झालेली आहे. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार लोक त्या दिवशी नेहमीप्रमाणे बाजारहाट करत होते, मुले बाहेर खेळत होती; त्यांना हलवण्यात आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. साधारण तीन दिवसांसाठी जायचे आहे असे सांगितल्यामुळे त्यांनी कागदपत्रे आणि थोडे खाणे बरोबर घेतले. ते परत कधीच राहायला आले नाहीत. जगाला ही बातमी कळली ती स्वीडनमधील एका अणुकेंद्रावरील मापकांनी २८ एप्रिलला किरणोत्सर्ग टिपल्यामुळे. त्यानंतर सरकारने अगदी खरी माहिती दिली तेव्हाही ती कोणाच्या गळी उतरेना. वीस वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घेतलेल्या आढाव्यात या दुर्घटनेने निर्माण केलेला सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानसिक आरोग्याचा असल्याचे नोंदवले गेले, त्याच्या मुळाशी हे पहिल्या दिवसांतील मौनदेखील आहे.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी अणुभट्टीत बिघाड झाला. दोन दिवस कंपनी एक सांगत होती, राज्य सरकार दुसरे आणि नियामक तिसरेच. ३० मार्चला राज्यपालांनी ८ किलोमीटरच्या आतील गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी मुले यांनी बाहेर जावे, असे आवाहन केले. ते सुमारे साडेतीन हजार लोकांसाठी होते. घर सोडून निघाले सुमारे १ लाख ४४ हजार. लोकांना यात मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण विचार करा, शेजारच्या गरोदर बाईला जा म्हणतात आणि मला राहा म्हणतात, तर माझ्या दहा वर्षांच्या मुलीचे काय, हा प्रश्न कोणत्या आईला पडणार नाही? सूचनेत ‘कोणी जावे’ हे होते. ‘इतरांनी का थांबावे’ हे नव्हते. पुढे अध्यक्षांनी पाठवलेला नियामक संस्थेचा एकच अधिकारी रोज पत्रकारांसमोर उभा राहून साध्या भाषेत बोलू लागला, तेव्हा वातावरण निवळू लागले.

तेव्हा पहिली सूचना अपुऱ्या माहितीवरच, पण लवकर द्यावी. घातपाताच्या अशा प्रकारात, ज्याला बोलीत ‘डर्टी बॉम्ब’ म्हणतात, अणुस्फोट होत नाही. साध्या स्फोटकाने किरणोत्सर्गी भुकटी उडवलेली असते, आणि जवळच्या माणसांना मारतो तो बहुतेक वेळा स्फोटच. भुकटीचा खरा उपयोग धास्ती पसरवणे आणि जागा निकामी करणे हा असतो. १९९५ च्या नोव्हेंबरात मॉस्कोतील एका उद्यानात चेचेन बंडखोरांनी सिझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचा डबा पुरून ठेवला आणि तो उडवलाच नाही, नुसता दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला कळवला. एवढ्याने त्यांचे काम भागले. हल्लेखोराचे अर्धे काम आपल्या सूचनेने करू नये, हा मसुद्याचा पहिला निकष ठरवा.

मी लिहिला असता तर मसुदा काहीसा असा लिहिला असता: ‘आज दुपारी तीनच्या सुमारास बाजार चौकात स्फोट झाला आहे. जखमींना रुग्णालयात नेले आहे. त्या जागी किरणोत्सर्गी पदार्थ आढळला आहे. तो कोणता आणि किती दूरवर पसरला, हे अजून कळलेले नाही, मोजणी करणारे पथक बोलावले आहे. चौकाच्या आसपास असलेल्यांनी जवळच्या पक्क्या इमारतीत जावे, दारे-खिडक्या लावाव्यात, पंखे आणि एसी बंद करावेत. स्फोटाच्या वेळी जे चौकात होते त्यांनी वरचे कपडे दारातच हळू उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि साबण लावून कोमट पाण्याने, कातडी न घासता अंघोळ करावी. शाळेतील मुले शाळेतच सुरक्षित आहेत. त्यांना आणण्यासाठी निघालात तर आपण धुळीतून जाल आणि ती धूळ त्यांच्यापर्यंत न्याल. झाकलेले अन्न आणि घरात भरून ठेवलेले पाणी वापरण्यास हरकत नाही. पुढची सूचना पाच वाजता देऊ, नवी माहिती मिळालेली नसली तरी देऊ.’

यातील कपड्यांच्या वाक्यावर मी विशेष भर देईन. वरचे कपडे उतरवले की अंगावरील सुमारे ९० टक्क्यांपर्यंत धूळ त्यांच्याबरोबर जाऊ शकते. हा आकडा लोकांना सांगा, कारण तो ऐकताच हतबल माणसाच्या हाताला काम मिळते, आणि मानसिक आधाराची सुरुवात तिथेच होते. समुपदेशक नंतर येतो. सूचनेचा मसुदा हाच पहिला समुपदेशक असतो. स्त्रियांना कपडे उतरवायला आडोसा कोठे मिळेल, हे मात्र मसुद्यात नसले तरी आपल्या नियोजनात असले पाहिजे, नाहीतर ती सूचना निम्म्या लोकसंख्येपुरती कागदावर राहील.

पाच वाजता देऊ म्हटलेली सूचना पाच वाजता द्याच. ‘तीन दिवसांत परत याल’, ‘कोणालाही काहीही होणार नाही’ अशी वाक्ये मसुद्यातून आत्ताच खोडून टाका. बोलणारा माणूस एकच असू द्या, जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला. आमदार, पोलीस आणि डॉक्टर यांनी निरनिराळे आकडे सांगू नयेत. सूचना कोठवर पोहोचते हेही पाहा. ग्राम सुरक्षा यंत्रणेचा फोन नोंदणी झालेल्या घरांत वाजेल, पण गळीत हंगामात बीडहून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर तो वाजणार नाही, आणि वीटभट्टीवरील परप्रांतीय कुटुंबाला आपली शासकीय मराठी कळणार नाही. तेथे मुकादमाला आधीच हाताशी धरावे लागेल. ‘विकिरणबाधित क्षेत्रातून निष्कासन’ असली भाषा तर मराठीच्या शिक्षकालाही दोनदा वाचावी लागते.

एक धोक्याची सूचना आपल्यासाठी. लोकांना हलवणे हा नेहमीच सुरक्षित पर्याय असतो, असे धरून चालू नका. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमाजवळची रुग्णालये आणि वृद्धाश्रम घाईने रिकामे करताना पन्नासहून अधिक रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लगेच दगावले. ते किरणांमुळे नव्हे, तर थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि उपचारांतील खंड यांमुळे गेले.

प्रश्न: अणुदुर्घटना झाली तर आयोडीनयुक्त मीठ जास्त खावे किंवा जखमेवरचे आयोडीन गळ्याला लावावे, असे आमच्याकडे तासगावात सांगतात. गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का?

उत्तर: मीठ खाऊ नये. थायरॉइड ग्रंथीचे संरक्षण करणाऱ्या प्रौढांच्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्या मिठात दर किलोला १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन धरले, तर तेवढ्यासाठी एका बैठकीत सुमारे ३.३ ते ६.७ किलो मीठ खावे लागेल, आणि त्याआधीच माणूस मिठानेच मरेल. फुकुशिमानंतर चीनमधील दुकानांत मिठासाठी झुंबड उडाली होती, तीही याच गैरसमजातून. जखमेवरचे आयोडीन पिणे घातक आहे आणि गळ्याला फासण्यात अर्थ नाही. गोळीचा उपयोग केवळ किरणोत्सर्गी आयोडीनविरुद्ध होतो, तोही संपर्काच्या आधी किंवा नंतरच्या काही तासांतच. सिझियम किंवा कोबाल्ट यांच्यावर तिचा काडीचाही परिणाम नाही. भट्टीपासून दूर असलेल्या तासगावात ती घरात साठवण्याचे कारण नाही. प्रशासनाने सांगितले तरच ती घ्यावी.

प्रश्न: मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. असे रुग्ण आले तर आम्ही हात लावणार नाही, आम्हालाही घरी लहान मुले आहेत, असे माझ्या काही सहकारी उघडपणे म्हणतात. त्यांना भेकड म्हणणे मला पटत नाही. पण काय सांगावे हेही सुचत नाही.

उत्तर: सिस्टर, भेकड न म्हणण्यातील आपला विवेक बरोबर आहे. त्यांची भीती दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाल्याने वाढली आहे. किरण अंगातून जाणे वेगळे आणि किरणोत्सर्गी धूळ अंगाला लागणे वेगळे. बाहेरून किरणोपचार घेणारा कर्करोगाचा रुग्ण यंत्राखालून उठून रिक्षाने घरी जातो आणि नातवाला मांडीवर घेतो. त्याच्यापासून नातवाला काही होत नाही, हे मिरजेत राहणाऱ्या परिचारिकेला कोणी नव्याने सांगायला नको. स्फोटातील ज्या रुग्णाच्या अंगावर धूळ आहे, त्याच्यापासून जपायचे ते धुळीपासून. हातमोजे, गाऊन, मास्क, टोपी, कपडे पिशवीत बांधणे आणि काम झाल्यावर मोजणी, ही काळजी घेऊन काम करता येते. रक्तस्राव आणि श्वास आधी पाहायचा, धूळ नंतर. प्रत्येकीच्या गाऊनवर मात्रामापक, म्हणजे तिला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण, लावा आणि त्यावरचा आकडा तिचा तिला दाखवा. आपल्या शरीराचा आकडा स्वतः वाचलेली परिचारिका दुसऱ्या पाळीला स्वतःहून उभी राहते. तिच्या मुलांना त्या वेळी कोण सांभाळत आहे, याची व्यवस्था प्रशासनाने आधी केली पाहिजे, आणि ही मागणी आपण लेखी करावी.

खरी परीक्षा मात्र धूळ न लागलेल्या गर्दीची असेल. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ च्या सप्टेंबरात बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रातील यंत्राचा भाग दोघांनी भंगारासाठी काढून नेला. त्यातील सिझियमची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघर वाटली, अंगाला लावली. चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर क्रीडागारात सुमारे १ लाख १२ हजार लोकांनी रांगा लावून तपासणी करून घेतली, आणि त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सर्ग सापडला. पहिल्या साठ हजारांतील सुमारे पाच हजारांना पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणे होती, पण किरणोत्सर्गाचा लवलेश नव्हता. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सारिन वायू सोडला गेला, तेव्हाही पाच हजारांवर लोक रुग्णालयांत पोहोचले आणि त्यांतील बहुसंख्यांना विषबाधेची खूण नव्हती. या माणसांना ‘तुम्हाला काही झालेले नाही, घरी जा’ असे म्हटले की ती दुसऱ्या दारातून पुन्हा आत येतात.

म्हणून अपघात विभागापासून दूर, शक्य तर शेजारच्या एखाद्या मंगल कार्यालयात, त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवा. तेथे मापक फिरवावा, नाव व वेळ नोंदवावी, लक्षणे विचारावीत आणि मोजणीचा निकाल हातात लेखी द्यावा. गोयानियात अशी प्रमाणपत्रे दिली गेली होती, कारण त्या शहरातील माणसांना इतरत्र हॉटेले खोली नाकारत होती आणि काही वैमानिक त्यांना विमानात घ्यायला तयार नव्हते. दगावलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीच्या वेळी तर जमावाने दगडफेक केली. उलटी होणाऱ्याला, ती भीतीचीही असू शकते आणि आजाराचीही, हे स्पष्ट सांगून ती कधी सुरू झाली त्याची नोंद घ्यावी आणि रक्तातील लिम्फोसाइट या, किरणांमुळे घटणाऱ्या पांढऱ्या पेशींची पुन्हा पुन्हा मोजणी करावी. ती मोजणी शंका दूर करते, परिचारिकेचे आश्वासन करत नाही.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ११ जुलै २००६ ला मुंबईत, ज्या लोकलमध्ये स्फोट झाला त्याच्या पुढच्या डब्यात होता. त्याला जखम झाली नाही. आता तो कराडला आमच्याबरोबर राहतो. दिवाळीत तो मागच्या खोलीत जाऊन बसतो, गर्दीत जात नाही, रात्री दचकून उठतो. सगळे बोलून मोकळा हो, असे म्हणून आम्ही त्याला पुन्हा पुन्हा बसवतो. ते योग्य आहे का? आणि ज्या दिवशी असे काही घडते त्या दिवशीच काय केले असते तर हे टळले असते?

उत्तर: ताई, पुन्हा पुन्हा बसवणे थांबवा. घटनेनंतर लगेच सर्वांना गोळा करून एकदाच सगळा प्रसंग सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी फार प्रचलित होती. तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट वाढतो, असे दिसून आल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ती पद्धत सुचवत नाही. त्याऐवजी संघटनेने २०११ साली मांडलेल्या मानसिक प्रथमोपचारात तीन साधी कामे आहेत: पाहा, ऐका, जोडा. कोण धोक्यात आहे आणि कोण भेदरून एका जागी थिजले आहे ते पाहायचे. तो बोलेल तेवढेच ऐकायचे, खोदून विचारायचे नाही. आणि त्याला पाणी, पांघरूण, फोन, घरची माणसे आणि खरी माहिती यांच्याशी जोडून द्यायचे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या छावण्यांत मी जी माणसे पाहिली, त्यांतील बहुतेकांना माझ्या औषधांपेक्षा आपली म्हैस कोणत्या छावणीत आहे हे कळण्याने झोप लागली. त्या दिवशी आपल्या भावाला कोणी घरी फोन लावून दिला असता, स्फोट कोठे झाले आणि कोणती वाट सुरक्षित आहे हे नीट सांगितले असते, तर त्रास कमी झाला असता; पूर्ण टळला असता असे मी म्हणणार नाही.

इतक्या वर्षांनीही राहिलेला हा त्रास आता मनाची कमजोरी म्हणून सोडून देऊ नये. त्यावर ठराविक मुदतीचे, प्रशिक्षित तज्ज्ञाने करावयाचे मानसोपचार आहेत आणि ते उशिरा सुरू केले तरी उपयोगी पडतात. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याचा आग्रह नसतो. पहिला फोन भावाऐवजी आपणच केलात तरी चालेल. दिवाळीत मात्र त्याला मागच्या खोलीतून ओढून बाहेर आणू नका.

प्रश्न: आमचे कराडजवळ भंगाराचे दुकान आहे. तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेला जड डबा भंगारात आला तर काय करावे? पोलिसांना सांगितले तर आम्हालाच आत टाकतील अशी धास्ती वाटते.

उत्तर: २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण, जे एका विद्यापीठाने लिलावात विकले होते, कापले गेले, अनेकांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. कापणाऱ्यांना त्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. आपल्याला चिन्ह ओळखता येते, ही मोठीच जमेची बाजू आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवरील त्या चिन्हाखेरीज आकाराच्या मानाने फार जड असलेला, शिशाचा किंवा पोलादी, एखाद्या रुग्णालयातून वा कारखान्यातून आलेला डबा दिसला तरी थांबावे. कापू नये, ठोकू नये, उघडू नये. सर्वांना लांब न्यावे, दोर बांधून वाट अडवावी, ११२ ला फोन करावा आणि कोणी त्याला हात लावला असल्यास त्याचे नाव लिहून ठेवावे. आपल्या शेजाऱ्यांनाही त्याच वेळी कळवावे. लपवाछपवी झाल्याचे त्यांना नंतर कळले तर आपल्या दुकानावर वर्षानुवर्षे कोणी येणार नाही.

आपली पोलिसांविषयीची धास्ती मी खोटी म्हणत नाही, आणि याच अंकाचे वाचक असलेल्या अधिकाऱ्यांनी ती वाचावी म्हणून तुमचे पत्र येथे जसेच्या तसे दिले आहे. स्वतःहून कळवणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाण्यात बसवून ठेवले, तर पुढचा डबा कोणीही कळवणार नाही. आपल्याकडून इतके करा, की डबा आल्याचा दिवस, तो आणणाऱ्याचे नाव आणि पावती जपून ठेवा, फोन केल्याची वेळ वहीत नोंदवा. आणि घाबरून तो डबा रात्री ओढ्यात नेऊन टाकू नका.